संशयास्पद अन्न (व्हिडिओ खेळ)

संशयास्पद अन्न (डुबियस फूड) : निंटेंडो या जपानी कंपनीच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (३ मार्च २०१७) या साहसी खेळातील बिघडलेला पदार्थ. सातारा-सांगलीकडे अशाला सरळ ‘गिचका’ म्हणतील. ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ (२०२३) या पुढील खेळातही तो आढळतो.

खेळाचा नायक लिंक पेटत्या चुलीवरील भांड्यात एका वेळी जास्तीत जास्त पाच जिन्नस टाकतो. प्रमाण चुकल्याने पदार्थ फसतो, असा नवख्यांचा समज असतो. आपल्या स्वयंपाकघरात तो खराही ठरेल. पण येथे मीठ जास्त पडत नाही, तळ करपत नाही. बिघाड जिन्नसांच्या जातीमुळे होतो. राक्षसांची शिंगे-दात आणि बेडूक, सरडे, फुलपाखरे यांसारखे जीव एकत्र शिजवले तर औषधी काढा बनतो. त्यांतले काहीही मांस, तांदूळ किंवा फळांत मिसळले की गिचका. काढ्याचे जीव वेगवेगळ्या गुणांचे असले तरी तेच होते. नेहमीच्या जेवणात मात्र असे गुण एकमेकांना मारतात, जेवण टिकते. राक्षसाचे शिंग चालत नाही, पण राक्षसी अर्क घालून केक, रस्सा किंवा भात बिनदिक्कत होतो. यातला न्याय खेळ रचणाऱ्यांनाच ठाऊक.

पदार्थाचे चित्र मुद्दाम धूसर, चौकटी-चौकटींचे दाखवतात. पाहवणार नाही इतका किळसवाणा, पण बहुधा अपाय न करणारा, असे त्याचे वर्णन येते. खाल्ल्यास निदान एक हृदय (नायकाची प्राणशक्ती मोजायचे खेळातले एकक) भरून येते. दिसायला मळकट पण पोटाला आधार, हे माण-खटाव आणि जत-आटपाडीकडच्या हुलग्याच्या माडग्याबद्दलही म्हणता येईल. मात्र माडगे चवीने खाल्ले जाते, तेव्हा ही तुलना दिसण्यापुरतीच घ्यावी.

‘माइनक्राफ्ट’ या दुसऱ्या व्हिडिओ खेळातील संशयास्पद रस्सा (२०१९) याचाच भाऊबंद मानण्याचा मोह होतो. तो मानू नये हे बरे : त्या रश्श्याला ठरलेली कृती असते, लाल व तपकिरी अळंबी, वाडगा आणि एक फूल. फुलाप्रमाणे परिणाम बदलतो, इतकेच.

झेल्डाच्या खेळात लाकूड किंवा खनिज शिजवल्यास होणारे ‘रॉक-हार्ड फूड’ (दगडासारखे कडक अन्न) हा निराळा प्रकार. त्याने पाव हृदय भरते.