हत्तीरोगाचं रक्त रात्रीच का घेतात?

हत्तीरोगाची तपासणी करणारे रात्री दहानंतर दारात येतात, लोक वैतागतात, दिवसा यायला काय होतं यांना! पण दिवसा बोटातून रक्त घेतलं तर स्लाइडवर बहुतेकदा काहीच दिसत नाही, आणि त्याच माणसाचं मध्यरात्री घेतलं तर त्यात जंताची बारीक बारीक पिल्लं वळवळताना दिसतात.

हा रोग ज्या जंतामुळे होतो त्याचं नाव वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. मोठे जंत लसिकावाहिन्यांमध्ये (शरीरातला लसिका नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांमध्ये) राहतात, त्यांची पिल्लं म्हणजे मायक्रोफायलेरिया दिवसभर फुफ्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि साधारण रात्री 10 ते 2 या वेळात कातडीजवळच्या रक्तात येतात. कारण त्यांना पुढच्या माणसात जायचं तर आधी डासाच्या पोटात जावं लागतं, आणि क्युलेक्स डास चावतो रात्री. पॅसिफिकच्या काही बेटांवर हा रोग दिवसा चावणारे एडिस डास पसरवतात, तर तिथली पिल्लं दिवसाही रक्तात भरपूर सापडतात. आफ्रिकेतला लोआ लोआ जंत तर पक्का दिवसपाळीवाला, त्याची माशी दिवसा चावते म्हणून.

ही रात्रपाळी पॅट्रिक मॅन्सन या ब्रिटिश डॉक्टरने 1870 च्या दशकात चीनमध्ये असताना शोधली. मग 1881 मध्ये लंडनच्या स्टीफन मॅकेन्झी या डॉक्टरने भारी डोकं लावलं, एका पेशंटला दिवसा झोपवलं आणि रात्री जागं ठेवलं, तर थोड्या दिवसांत पिल्लांनीही पाळी बदलली! म्हणजे ती बाहेरचा उजेड-अंधार बघत नव्हती, माणसाच्या झोपेबरोबर शरीरात जे बदलतं त्यावर चालत होती.

मलेरियाचं प्रकरण जरा वेगळं आहे. थंडी वाजून ताप एक दिवसाआड येतो ना, ते परजीवींच्या 48 तासांच्या फेऱ्यामुळे, तांबड्या पेशीत वाढायचं आणि मग सगळ्यांनी जवळपास एकाच वेळी पेशी फोडून बाहेर पडायचं, की चढला ताप. (मलेरियाच्या दुसऱ्या एका जातीत हाच फेरा 72 तासांचा असतो.) बरीच वर्षं वाटायचं की हे सगळं आपलं शरीरच त्यांच्याकडून करून घेतं. पण 2020 च्या संशोधनात शरीराचं घड्याळ बिघडवलेल्या उंदरांमध्येही परजीवींचा ताल चालूच राहिला, म्हणजे घड्याळ त्यांचं स्वतःचंही आहे. फक्त ते लावून घेतात यजमानाच्या, म्हणजे ज्याच्या अंगात राहतात त्याच्या, जेवणावर, उंदरांची खायची वेळ रात्रीची दिवसावर नेली की पेशी फुटायची वेळही तिकडेच सरकते.