‘दोष काढू नका’ या वचनाच्या पुढे काय आहे?

“बायबल सांगते, कोणाचेही दोष काढू नका, म्हणून खऱ्या ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या चुकीबद्दल अवाक्षरही काढू नये,” असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे.

वचन खरे आहे. ते मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधील एका पुस्तकात, ७व्या अध्यायाच्या आरंभी आहे, आणि धर्माच्या नावाने होणारी निष्ठुर टीका ज्याने सोसली आहे त्याला ते आधाराचे वाटावे, यात नवल नाही. मात्र अध्याय ५व्या वचनापर्यंत वाचला, तर येशू आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढायला सांगतो आणि मग भावाच्या डोळ्यातले कुसळ काढण्यासाठी स्पष्ट दिसेल, असेही लगेच म्हणतो. म्हणजे कुसळ तसेच राहू द्यावे असा त्याचा आग्रह नाही. निषेध आहे तो आत्मपरीक्षण टाळणाऱ्या ढोंगाचा.

याच शुभवर्तमानाचे १८व्या अध्यायातील १५वे वचन ताडून पाहावे. अपराधी भावाला त्याचा अपराध एकांतात दाखवावा, असे तिथे म्हटले आहे. चारचौघांत नव्हे, आणि हेच पथ्य माझ्या मते सर्वांत कमी पाळले जाते. येशूचा प्रेषित पौल याने लिहिलेल्या, बायबलमधीलच गलतीकरांस पत्राच्या ६व्या अध्यायाचे पहिले वचन आणखी एक अट घालते: चुकलेल्याला सौम्यतेने सावरावे आणि तसे करताना आपणही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे लक्ष ठेवावे.

धर्माविषयीचा आवेशही या कसोटीतून सुटत नाही. आपल्या यहुदी लोकांना देवाविषयी आस्था आहे, परंतु ती यथार्थ ज्ञानाला धरून नाही, असे रोमकरांस पत्राच्या १०व्या अध्यायात लिहिणारा पौल, आपणही अशाच आवेशाने ख्रिस्ती मंडळीचा छळ करीत होतो, हे फिलिप्पैकरांस पत्राच्या ३ऱ्या अध्यायात नोंदवून ठेवतो.