पीएस/२ ते यूएसबी : अडॅप्टर वेगळा, कन्व्हर्टर वेगळा

पीएस/२ या जुन्या गोल प्लगच्या मेकॅनिकल कीबोर्डसाठी 'पीएस/२ टू यूएसबी' मागितलं की दुकानदार दोनपैकी काहीही हातात ठेवू शकतो. एक म्हणजे अडॅप्टर : अंगठ्याएवढा जांभळा किंवा हिरवा तुकडा, एका बाजूला गोल सॉकेट, दुसऱ्या बाजूला यूएसबी प्लग. दुसरा म्हणजे कन्व्हर्टर : एक वायर, बहुधा कीबोर्ड आणि माउस अशा दोन सॉकेटांची. आयबीएमच्या जुन्या मॉडेल एमला पहिली वस्तू चालत नाही.

तुकड्यात नुसत्या तारा असतात. कीबोर्डच्या क्लॉक (ठेका देणारी) आणि डेटा (माहिती नेणारी) या दोन तारा यूएसबीच्या डी-प्लस आणि डी-मायनस या माहितीच्या तारांना नेऊन जोडल्या, की संपलं. दोन्ही पद्धती जाणणारा कंट्रोलर ज्या कीबोर्डात होता, त्यांच्याच खोक्यात हा तुकडा यायचा. समोर काय आहे ते कीबोर्डच ओळखायचा. मॉडेल एम १९८५चा, यूएसबी १९९६ची. त्याला हे कुठून कळणार?

फसवतात ते दिवे. ५ व्होल्ट आणि ग्राउंड या तुकड्यातूनही नीट पोचतात, त्यामुळे लावताक्षणी कॅप्स लॉकसकट तिन्ही दिवे एकदा चमकतात. ती कीबोर्डची स्वतःची चाचणी असते. पुढे एकही अक्षर उमटत नाही आणि धडधाकट कीबोर्ड भंगारात निघतो.

कन्व्हर्टरमध्ये चिप असते. 'ए' दाबल्यावर कीबोर्ड १सी हा कोड पाठवतो, सोडल्यावर एफ० आणि १सी. चिप ते वाचते आणि कॉम्प्युटरला स्वतः यूएसबी कीबोर्ड म्हणून उत्तर देते. स्वस्त कन्व्हर्टर भरवशाचे नसतात. सोडल्याचा कोड निसटला की तेच अक्षर उमटत राहतं.

म्हणून घरी केलेला बरा. एटीमेगा३२यू४ चिपचा प्रो मायक्रो बोर्ड घ्या, पण ५ व्होल्टचाच, ३.३ व्होल्टचा तसाच दिसतो. त्यावर टीएमके या कीबोर्ड-प्रकल्पाचं आयबीएम-पीसी कन्व्हर्टर फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्रॅम) चढवा. रीसेटनंतर बूटलोडर (नवा प्रोग्रॅम स्वीकारणारा भाग) जेमतेम ८ सेकंद थांबतो, म्हणून फर्मवेअर चढवायची कमांड आधीच टाइप करून ठेवा. क्लॉक बोर्डच्या २ नंबरला, डेटा ३ नंबरला, पॉवर व्हीसीसी या ५ व्होल्टच्या पिनेला, ग्राउंड ग्राउंडला. क्लॉक आणि डेटा दोन्हींवरून व्हीसीसीला ४.७ किलोओहमचा एकेक रेझिस्टर लावा.

पीएस/२ सॉकेटमध्ये पिनांचे नंबर असे : डेटा १, ग्राउंड ३, पॉवर ४ आणि क्लॉक ५. सॉकेटला मागून सोल्डर करताना हे आकडे आरशातल्यासारखे उलटतात, आणि तारांच्या रंगांवर तर मुळीच विसंबू नये. मल्टिमीटरने प्रत्येक पिन तपासा. क्लॉक-डेटा उलटले तर फक्त टाइप होणार नाही. पॉवर-ग्राउंड उलटले तर कीबोर्डच जळू शकतो.

मोठा ५ पिनांचा डिन प्लग असेल तर आणखी एक पेच. डिनचा पीएस/२ करणारा तुकडाही नुसत्या तारांचाच, पण एटी कीबोर्डला (आयबीएमच्या एटी कॉम्प्युटरच्या पद्धतीच्या) तो खुशाल चालतो, कारण एटी आणि पीएस/२ची भाषा एकच. त्याआधीच्या, १९८१च्या एक्सटी पद्धतीच्या कीबोर्डला प्लग हाच, भाषा मात्र निराळी : तो फक्त पाठवतो, कॉम्प्युटरकडून काही ऐकत नाही. बाजारातले बहुतेक पीएस/२ कन्व्हर्टर इथे गप्प बसतात. वरचं फर्मवेअर दोन्ही ओळखतं. काही क्लोन कीबोर्डांच्या पोटाशी एक्सटी-एटीचा छोटा स्विच असतो. सोल्डरिंग गन तापवण्याआधी कीबोर्ड उलटा करून तो आहे का बघा.