कोकणातलं फळसंशोधन (दापोली आणि वेंगुर्ला)

कोकणातलं फळसंशोधन म्हणजे दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याच्याखालची वेंगुर्ल्यासारखी संशोधन केंद्रं यांनी आंबा, काजू, कोकम या पिकांवर केलेलं काम. दापोलीला कृषी महाविद्यालय १९६५ ला आलं, विद्यापीठ १८ मे १९७२ ला झालं, सावंतांचं नाव २००१ मध्ये लागलं. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र मात्र विद्यापीठाच्याही आधीचं, १९५७ चं. पैसा मुख्यतः राज्य सरकारचा, आणि काजूसारख्या पिकांच्या देशभर चालणाऱ्या समन्वित प्रकल्पांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा.

संशोधन म्हटलं की लोकांना नवीन जातच आठवते. पण कोकणात सगळ्यात जास्त फरक पडला तो कलम बांधायच्या पद्धतीमुळे, हे आधी सांगायलाच हवं. पूर्वी हापूसचं भेट कलम करायचे. म्हणजे कुंडीतलं रोप उचलून मोठ्या झाडाच्या फांदीपाशी न्यायचं, मचाण बांधायचं, दोन्हीच्या साली तासून एकत्र बांधायच्या आणि जुळेपर्यंत दोन-तीन महिने तिथेच पाणी घालत राहायचं. एका मातृवृक्षावर अशी कलमं होऊन होऊन होणार किती! दापोलीला कोय कलमाची पद्धत कोकणच्या हवेत नीट बसवली गेली आणि ही सगळी अडचण सुटली. रायवळ म्हणजे गावठी आंब्याच्या कोयी जूनमध्ये गादीवाफ्यावर पेरायच्या, साधारण पंधरा दिवसांत तांबूस पानांचं कोवळं रोप वर येतं, ते कोयीच्या वर चार बोटांवर कापायचं, मधोमध उभी चीर द्यायची, हापूसची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून पिशवीत लावायची. पावसाळ्याची दमट हवा असते म्हणून काडी सुकत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत फुटवे दिसायला लागतात. सवयीचा माणूस दिवसात शेकड्याने कलमं बांधतो.

काजूतही तेच झालं, तिथे मृदुकाष्ठ कलम, म्हणजे रोपाच्या कोवळ्या शेंड्यावर बांधलेलं कलम, चाललं. आणि १९९० ला सरकारने रोजगार हमीतून १०० टक्के अनुदानावर फळबाग लागवड सुरू केली तेव्हा कलमं पुरवायला कोकणात गावोगाव नर्सऱ्या उभ्या राहू शकल्या त्या याच पद्धतींमुळे. योजना नुसती कागदावर आली असती आणि कलमंच नसती तर कातळ तसाच पडीक राहिला असता, असं मला ठामपणे वाटतं.

आता जातींकडे. हापूसची दोन जुनी दुखणी, एक म्हणजे साका आणि दुसरं म्हणजे वर्षाआड फळ. साका झालेला आंबा बाहेरून एकदम छान दिसतो, कापला की आत कोयीजवळ पांढरट, आंबट, कापसासारखा गर निघतो. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या अभ्यासात असं पुढे आलं की फळ झाडावर असतानाच आतलं बी रुजायच्या तयारीला लागतं आणि भोवतीच्या गरातून पाणी-अन्न ओढतं, त्यातून हे होतं. दापोलीने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना काढली, १९८१ ला आली, हिला साका होत नाही आणि फळ दरवर्षी धरतं. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ ला सिंधू, हिची कोय इतकी पातळ की जवळजवळ नसल्यासारखीच.

चव चांगली, गर भरपूर, तरीपण बाजार हापूसचाच राहिला. वाशीच्या घाऊक बाजारातला व्यापारी आणि घरी पेटी नेणारं गिऱ्हाईक दोघंही हापूसच मागतात, मग बागायतदार पिढ्यान्पिढ्या टिकणारं झाड दुसऱ्या जातीचं कशाला लावेल? यात जातीचा दोष नाही, आणि शेतकऱ्याचा तर अजिबात नाही.

म्हणून मग हापूसच ठेवून त्याची खोड मोडायचा मार्ग शोधला गेला, पॅक्लोब्युट्राझोलचा, ज्याला सगळे कल्टार म्हणतात. हे झाडातल्या वाढीच्या संप्रेरकाला आवर घालतं, पालवी कमी येते आणि मोहोर लवकर व जास्त येतो. शिफारस अशी की दहा वर्षांवरच्या झाडाला, विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली, जुलै ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पाण्यात मिसळून बुंध्याभोवती विस्ताराच्या निम्म्या अंतरावर छोटे खड्डे मारून त्यात ओतायचं. सोबत खताचा डोसही वाढवायला सांगितलेला आहे आणि नेमकं तेच बरेच जण विसरतात, बाग कराराने घेतलेला माणूस तर दोन-तीन हंगामांचाच विचार करतो, कल्टार मापाबाहेर घालतो, खत टाकत नाही, आणि झाड थकलं की नाव संशोधनाचं खराब होतं.

छोट्या गोष्टीही बऱ्याच आहेत. नूतन झेला, म्हणजे फळं उतरवायची सुधारित जाळीची काठी घ्या, त्याने आंबा देठासकट उतरतो, देठ राहिला की चीक सालीवर ओघळत नाही, डाग पडत नाही आणि देठाकडून कुजणंही कमी होतं. फळमाशीसाठी रक्षक सापळा आहे, त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाला नर माश्या येऊन अडकतात.

काजूत वेंगुर्ला-१ पासून पुढे एकेक जात निघत गेली. १९८१ ची वेंगुर्ला-४ आणि १९९७ ची वेंगुर्ला-७ बागायतदारांच्या तोंडी सगळ्यात जास्त, कारण सातची बी साधारण १० ग्रॅमची, आणि कारखानदाराला मोठा गर हवा असतो.

कोकमाची गोष्ट वेगळी. नर झाड आणि मादी झाड वेगळं असतं, बी लावून रोप केलं तर पाच-सात वर्षं सांभाळून शेवटी कळतं की हा नर निघाला, फळच नाही. मादी झाडाची काडी घेऊन कलम केलं की तो प्रश्न मिटतो. कोकण अमृता ही निवड १९९७ ची, नंतर कोकण हातीस आली. पूर्वी कोकम बहुतेक रानात, परसात आपोआप वाढलेलं असायचं, आता कलमाची रोपं मिळतात म्हणून लोक ते मुद्दाम लावतात. पण रानातली जुनी झाडं तोडली तर पुढच्या निवडीला माल कुठून आणणार, म्हणून वेगवेगळ्या झाडांच्या काड्या आणून केंद्रांच्या प्रक्षेत्रावर जतन करणं हे कामही तितकंच मोठं आहे, फक्त त्याची बातमी होत नाही.

काढलेली प्रत्येक गोष्ट थेट शेतकऱ्याकडे जात नाही. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त बैठक होते, जॉइंट अ‍ॅग्रेस्को म्हणतात तिला, तिथे आकडे तपासून शिफारस मंजूर होते, मग कृषी विज्ञान केंद्रं आणि कृषी सहायक यांच्यामार्फत ती गावात पोचते. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन (ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालं त्यातही विद्यापीठ अर्जदारांपैकी एक होतं, आणि ते नाव लावून आंबा विकायचा तर बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.