शाळेला किती निधी आला हे विचारायचंय? माहिती अधिकाराचा अर्ज कुठे अडतो ते आधी बघा

शाळेला सरकारकडून किती पैसे आले आणि शेजारच्या गावातल्या शाळेला किती, एवढं साधं विचारलं तरी "सदर माहिती या कार्यालयात संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि मग जिल्हा परिषद शाळेचे पालक किंवा शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य समजतात की माहिती लपवली जातेय. लपवतातही कधीकधी, पण बहुतेक वेळा अर्जाचे शब्दच त्यांना पळवाट देतात. ती पळवाट बंद कशी करायची तेवढंच इथे सांगतो.

अर्ज कोण करू शकतं तर भारताचा कुठलाही नागरिक. पालक असायची गरज नाही, त्या गावचा असायची गरज नाही, आणि माहिती कशाला हवी हे सांगायची तर अजिबातच गरज नाही, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. फक्त अर्ज स्वतःच्या नावाने करा. "अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती" किंवा "अमुक तरुण मंडळ" म्हणून लेटरहेडवर केलेले अर्ज, कायदा नागरिकाला अधिकार देतो संस्थेला नाही, असं म्हणून परत येतात. समितीचे अध्यक्ष असलात तरी खाली साधं नाव आणि पत्ता लिहा, संपला विषय. काउंटरवर आधारची झेरॉक्स मागतात, तशी अट कायद्यात नाही हे शांतपणे सांगा.

अर्जाआधी एक काम करा, शाळेचा यूडायस क्रमांक (प्रत्येक शाळेला सरकारने दिलेला ओळख क्रमांक) काढा. ११ आकडी असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो, शाळेच्या बोर्डवर किंवा यूडायस प्लसच्या साइटवर सापडतो. एकाच तालुक्यात एकाच नावाच्या दोन वाड्या असतात, एकाच आवारात मुलांची आणि मुलींची वेगळी शाळा असते, आणि फक्त गावाचं नाव लिहिलं की नेमकी दुसऱ्याच शाळेची माहिती हातात येते.

आता खरी अडचण. शाळेचा पैसा एका नळाने येत नाही. पगार शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीतून जातो. समग्र शिक्षाचा निधी (२०१८-१९ ला सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र करून झालेली योजना, केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के) मुंबईच्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडून जिल्ह्याला आणि तिथून तालुक्याला येतो. सादिल (किरकोळ खर्चाचे पैसे) जिल्हा परिषदेकडून, पोषण आहाराचा हिशेब वेगळा, खोल्यांच्या दुरुस्तीला जिल्हा नियोजन समिती, आणि कुठे ग्रामपंचायतीने वित्त आयोगातून काही केलं असेल तर ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक). त्यामुळे "शाळेला मिळालेल्या सर्व निधीची माहिती द्या" असं लिहिलं की प्रत्येक जण खरंच म्हणू शकतो की सगळी माहिती माझ्याकडे नाही. माहिती तयार करून द्यायला अधिकारी बांधील नाही, जी आहे ती द्यायची, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसईच्या उत्तरपत्रिकांच्या केसमध्ये सांगितलंय आणि प्रत्येक ऑफिसला हे वाक्य तोंडपाठ आहे.

म्हणून प्रश्न विचारू नका, कागद मागा. "आमच्या शाळेला कमी अनुदान का दिलं?" याला उत्तर द्यायची सक्ती नाही. त्याऐवजी असं लिहा: "समग्र शिक्षा, संयुक्त शाळा अनुदान, आर्थिक वर्ष २०२४-२५. तालुक्यातील शाळांना अनुदान अथवा खर्चमर्यादा वितरित केल्याच्या आदेशाची प्रत, सोबत जोडलेल्या शाळानिहाय यादीसह (यूडायस क्रमांक, पटसंख्या, रक्कम), तसेच तालुक्याने जिल्ह्यास सादर केलेल्या उपयोगिता प्रमाणपत्राची प्रत." वितरण आदेश यादीशिवाय निघत नाही आणि उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) हिशेब पुढे सरकत नाही, त्यामुळे हे कागद नाहीत असं लेखी देणं त्यांनाच जड जातं. हा अर्ज जातो पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. पूर्ण जिल्ह्याचं हवं असेल तर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक), माध्यमिक शाळांचं माध्यमिककडे. ऑफिस चुकलं तर ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं कलम ६(३) प्रमाणे त्यांचं काम आहे, तुमचा अर्ज त्या कारणाने फेटाळता येत नाही.

शब्द १५० च्या आत आणि विषय एकच, हा महाराष्ट्राचा २०१२ पासूनचा नियम आहे आणि यावर खूप अर्ज पडतात. पोषण आहार, गणवेश आणि अनुदान एकाच अर्जात कोंबू नका, तीन वेगळे अर्ज करा, तीसच रुपये लागतील. आणि वर्ष लिहिताना "२०२४-२५" एवढंच लिहू नका, "आर्थिक वर्ष" असं लिहा, कारण शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि पैशाचं १ एप्रिलला. जूनपासून मोजलं की मार्चमध्ये घाईघाईत आलेली रक्कम कुठल्या वर्षाची यावरून गोंधळ होतो, आणि तो गोंधळ ऑफिस स्वतःहून सोडवून देत नाही.

अजून एक जागा आहे जिथे हुशार माणसंही अडकतात. बरेच जण शाळेच्या बँक खात्याचं पासबुक मागतात, त्यात शून्य दिसतं आणि गावभर बोंब होते की मुख्याध्यापकांनी पैसे खाल्ले. थांबा जरा. २०२१ पासून केंद्राच्या योजनांचा पैसा राज्याच्या एकाच नोडल खात्यात राहतो, शाळेचं खातं झिरो बॅलन्सचं असतं आणि शाळेला फक्त खर्चाची लिमिट मिळते, बिल चढवलं की तेवढीच रक्कम थेट दुकानदाराला जाते. पैसे "जमा" असे कधी दिसतच नाहीत. म्हणून "जमा रक्कम" नाही, "मंजूर खर्चमर्यादा आणि तिच्यातून झालेला खर्च" असं मागा. लिमिट मिळाल्याची तारीखही मागा, ती फार बोलकी असते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लिमिट आली आणि ३१ तारखेला न वापरता गेली, तर दोष शाळेचा नसतो. एका मास्तरांवर पूर्ण गाव रागावलेलं बघितलंय, आणि कागद आला तेव्हा त्यात लिमिटची तारीख २८ मार्च होती. अर्ज नीट शब्दांत असता तर त्या माणसाला वर्षभर ऐकून घ्यावं लागलं नसतं.

फी १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प अर्जावर चिकटवा किंवा रोख भरून पावती घ्या. पोस्टल ऑर्डर केंद्राच्या ऑफिसला चालते, राज्याच्या ऑफिसला लावू नका, परत येते. नमुना म्हणजे जोडपत्र 'अ'. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, पण त्याचा दाखला जोडावा लागतो, आणि इथेच गरीब माणूस अडतो, कारण पिवळं रेशन कार्ड असतं पण बीपीएल यादीतलं नाव जुनं, वडिलांच्या नावावर. दाखल्यासाठी आठवडे घालवण्यापेक्षा परवडत असेल तर दहाचा स्टॅम्प लावून मोकळे व्हा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पोस्टाने पाठवलं तर ट्रॅकिंगची प्रिंट ठेवा.

आता तारखा. ३० दिवस मोजायचे ते अर्ज त्यांच्याकडे पोचल्यापासून. समजा ५ जूनला शिक्का पडला, तर मुदत ५ जुलैला संपली. उत्तर आलं नाही तर लोक "अजून थोडी वाट बघू, साहेब बदलून गेलेत" म्हणत बसतात, आणि वरच्या अधिकाऱ्याकडे करायच्या पहिल्या अपिलाचे ३० दिवस मात्र तिथूनच धावायला लागलेले असतात, म्हणजे ४ ऑगस्टच्या आत अपील गेलं पाहिजे. उत्तर आलं असेल तर ते तुमच्या हातात पडल्यापासून ३० दिवस, पत्रावरच्या तारखेपासून नाही, म्हणून पाकीट फेकू नका. उशीर झालाच तर कारण लिहून माफी मागता येते, पण त्यावर विसंबू नका. पहिल्या अपिलाला जोडपत्र 'ब' आणि २० रुपयांचा स्टॅम्प. त्यावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय व्हायला हवा. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, आणि तिथे नंबर यायला खूप काळ जातो हे खरं आहे. म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा, कागदाचं नाव बोट ठेवून सांगा, बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात.

मध्येच एक पत्र येतं, "१८४ पानांचे ३६८ रुपये भरा". पानाला २ रुपये हा दर बरोबर आहे, पण हे पत्र ३० दिवसांच्या आत यायला हवं. मुदत उलटल्यावर माहिती फुकट द्यायची असते, कलम ७(६), आणि हे माहीत नसल्यामुळे लोक मुकाट पैसे भरतात. पत्र वेळेत आलं असेल तर मात्र लगेच भरा, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, आणि भरलेच नाहीत तर अर्ज निकाली काढतात.

पानं फार असतील तर प्रती मागूच नका, आधी अभिलेख पाहणी मागा, म्हणजे ऑफिसात बसून मूळ कागद बघायचे. पहिला तास मोफत, पुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. शिवाय जिल्हा स्तरावरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या ऑफिसात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख दाखवावेत असा आदेश सरकारने २०१८ मध्ये काढला होता, तो अजून पाळतात का ते आधी विचारून घ्या. सोबत कोणीतरी न्या, एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि हव्या त्याच पानांना खूण करून प्रती घ्यायच्या.

मुलांची नावं, शिक्षकांचे खाते क्रमांक असलं काही मागू नका. कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम, लावून पूर्ण अर्ज नाकारतात, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने हे कलम अजून कडक केलंय. तुम्हाला पटसंख्या आणि रक्कम हवीय, नावं नकोत, आणि तसं अर्जातच लिहून टाका.

यादी हातात आली की पटसंख्येसमोर रक्कम ताडून बघा. समग्र शिक्षाच्या निकषात संयुक्त अनुदान ३० पटापर्यंत १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार आणि त्यावर १ लाख असं आहे, आणि त्यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. रक्कम निकषापेक्षा कमी दिसली तर लगेच शाळेवर जाऊ नका. जिल्ह्यालाच कमी आली होती का हे बघायला शिक्षण परिषदेने जिल्ह्याला काढलेल्या वितरण आदेशाची प्रत मागा, हा दुसरा अर्ज. आणि पट ३० आणि ३१ च्या सीमेवर असेल तर कुठल्या वर्षाचा यूडायस पट धरला ते आदेशात नक्की वाचा, कारण एका मुलामागे १५ हजारांचा फरक पडतो.