रोप लावण्याआधी खुंट राखा

नायजर देशाच्या दक्षिणेला, सहाराच्या खालच्या अंगाला मराडीचा कोरडवाहू पट्टा आहे. पावसाळा जेमतेम तीन-चार महिन्यांचा. १९८०च्या सुमारास इथली शेतं बोडकी झाली होती. वाऱ्यानं उडालेली वाळू कोवळी बाजरी गाडून टाकायची आणि दुबारच काय, तिबार पेरणीही करावी लागायची.

टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथं लोकांकडून रोपं लावून घेत होते, पण बहुतेक रोपं जळून जात. १९८३ मध्ये माळावरच्या एका झुडपाची पानं त्यांनी निरखून पाहिली. ते झुडूप नव्हतंच. तोडलेल्या झाडाच्या खुंटाला फुटलेले धुमारे होते! असे खुंट शेतोशेती होते आणि पेरणीआधी शेतकरी दरवर्षी धुमारे छाटून जाळत होते.

रोपाला पहिल्याच उन्हाळ्याआधी ओलाव्यापर्यंत मूळ पोचवावं लागतं. खुंटाची मुळं तिथं आधीच पोचलेली असतात, त्यांत पिष्टमय साठाही असतो. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या सुप्त कळ्यांना रोखून धरतं. खोड तोडलं की तो अटकाव उठतो आणि एकदम वीस-पंचवीस फुटवे येतात. आपल्याकडचा साग किंवा पळसही असाच फुटतो. मात्र सगळेच फुटवे ठेवले तर झुडूपच राहतं. म्हणून सरळ, जोमदार असे तीन-चार राखायचे, बाकीचे कापायचे आणि राखलेल्यांच्या खालच्या निम्म्या उंचीपर्यंतच्या बाजूच्या फांद्या छाटायच्या. कोयता पुरतो. छाटलेलं सरपण त्याच वर्षी घरी येतं.

तंत्र इतकं सोपं. अवघड होतं ते मन वळवणं. ‘चांगलं शेत म्हणजे साफ शेत’ ही समजूत पक्की होती, आणि कायद्यानं झाड सरकारचं असल्यामुळे ते राखण्यात शेतकऱ्याला लाभ दिसत नव्हता. १९८४च्या दुष्काळात झाडं राखण्याच्या अटीवर धान्य दिलं गेलं. धान्य थांबताच अनेकांनी झाडं तोडली. पण ज्यांनी राखली त्यांच्या शेतातली वाळू थांबली, आणि शेजाऱ्यांना तेवढं पुरलं. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: शेतकऱ्याला शेतकऱ्यानं शिकवलं. शेळ्यांना कधी आवरायचं, चोरून तोडणाऱ्याला दंड किती, हे गावानंच ठरवलं. पुढं त्या कायद्याची सरकारी अंमलबजावणी सैल झाली, तसा झाडावर आपला हक्क आहे हा भरवसा वाढला.

लोकांनी आवडीनं राखलेलं एक झाड म्हणजे ‘गाओ’, आपल्या बाभळीचं नातेवाईक. ते ऐन पावसाळ्यात पानं गाळतं, त्यामुळे बाजरीला ऊन मिळतं आणि पाल्याचं खतही. उन्हाळ्यात ते हिरवं असतं, जनावरांना सावली आणि शेंगा देतं. उष्णता वाढत चाललेल्या प्रदेशात पिकासाठी याहून सोयीचा सोबती मिळणं कठीण.

क्रिस रेइज आणि ग्रे टॅपन या भूगोल-अभ्यासकांनी जुनी हवाई छायाचित्रं व उपग्रहचित्रं ताडून पाहिली. दक्षिण नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परतली होती; त्यांची संख्या अंदाजे २० कोटी. त्यातली बहुतेक कोणी लावलेली नव्हती.