साल्सा (खाणं आणि संगीत)

साल्सा म्हणजे दोन गोष्टी. एक मेक्सिकोतलं मिरची-टोमॅटोचं तोंडीलावणं, आणि दुसरं न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आलेलं क्युबन वळणाचं नाचाचं संगीत. स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे साधा सॉस. पण दोन्हीकडे गंमत एकच, वस्तू आधीपासून होती आणि नाव मागाहून चिकटलं.

आधी खाण्याचं. स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीपासून मेक्सिकोतले नाहुआ लोक मिरची, टोमॅटो आणि भोपळ्याच्या बिया वाटून खात होते, १६ व्या शतकात बर्नार्दिनो द साहागुन या पाद्र्याने तिथल्या बाजारातल्या अशा सॉसचं वर्णन लिहून ठेवलंय. वाटायला मोलकाहेते, म्हणजे ज्वालामुखीच्या दगडाचा तीन पायांचा खल, आजही वापरतात. कच्चा टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून लिंबू पिळलं की पिको दे गायो, आणि तोमातियो या आंबट हिरव्या फळाची केली तर साल्सा व्हेर्दे. पण खरी चव भाजलेल्या साल्साला, टोमॅटो आणि मिरची तव्यावर साल काळी पडेपर्यंत भाजायची आणि मगच वाटायची, बाटलीतल्या साल्साला तो धुरकट वास येतच नाही. तरी बाटली प्रचंड खपली, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विक्रीच्या रकमेत साल्साने केचपला मागे टाकलं. आपल्याकडे मिरची आणि टोमॅटो दोन्ही अमेरिका खंडातूनच आले, त्यामुळे पाट्यावर वाटलेला ठेचा खाणाऱ्याला साल्सा अनोळखी वाटत नाही.

आता संगीत. याचं मूळ म्हणजे 'सोन' हा क्युबातला गाण्या-नाचाचा प्रकार, त्यात मांबो हे क्युबन नाचाचं संगीत, पोर्तोरिकोचे ताल आणि न्यूयॉर्कचा जॅझ मिसळला. इग्नासियो पिन्येइरोचं 'एचाले साल्सिता' हे १९३० च्या दशकातलं सोन तर चक्क सॉसेजच्या चवीवर आहे, म्हणजे हा शब्द गाण्यात आधीच होता, पण संगीतप्रकाराचं नाव म्हणून तो रुळला १९७० च्या दशकात. १९६४ मध्ये डॉमिनिकन संगीतकार जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी न्यूयॉर्कमध्ये फानिया रेकॉर्ड्स ही संगीत कंपनी काढली, क्युबाशी अमेरिकेचे संबंध तुटलेले, तिथून नवं संगीत येणं जवळपास बंद, मग न्यूयॉर्कच्याच लॅटिन पोरांनी आपल्या वस्तीचा आवाज घडवला आणि फानियाने तो साल्सा म्हणून विकला. न्यूयॉर्कचे नावाजलेले वादक टिटो पुएंते यांना हे नाव पटायचं नाही, त्यांचं म्हणणं साल्सा खायची असते, आम्ही वाजवतो ते क्युबन संगीत. त्यांचा मुद्दा बरोबर होता, पण नाव टिकलं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर फानिया ऑल-स्टार्स या फानियाच्याच कलाकारांच्या ताफ्याच्या कार्यक्रमात लोक इतके बेभान झाले की मैदानात घुसले आणि कार्यक्रम मध्येच थांबला.

या संगीताचा कणा म्हणजे क्लावे, दोन लाकडी दांडक्यांवरचा पाच ठोक्यांचा ताल, आधी तीन मग दोन किंवा आधी दोन मग तीन. कोंगा आणि तिंबालेस हे ढोल, पियानो, बास, ट्रोम्बोन हे पितळी फुंकवाद्य, सगळे त्यालाच धरून चालतात, आणि कधीकधी तो कुणी वाजवतही नाही तरी सगळ्यांच्या डोक्यात चालू असतो. क्युबन गायिका सेलिया क्रूझचा आवाज ऐकायलाच हवा. आणि ट्रोम्बोनवादक विली कोलोन व गायक रुबेन ब्लेड्सचा १९७८ चा 'सिएम्ब्रा' अल्बमसुद्धा, त्यातलं 'पेद्रो नावाहा' एका गुंडाची गोष्ट सांगतं, लांबलचक, आणि तरी लोक त्यावर नाचतात.